विठाकाकीच्या ॲम्बॅसिडरचा डिपर

जांभूळ गावात आता गाड्यांना तोटा नाही. पण विठाकाकीच्या पांढऱ्या ॲम्बॅसिडरचा हॉर्न वाजला की अजून म्हशी आपणहून बाजूला होतात. नवऱ्याने, म्हणजे हरिचंद्राने, तिला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं, आणि तो गेल्यावर काकीने किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. गावातल्या निम्म्या सुना बाळंतपणाला हिच्याच मागच्या सीटवरून कण्हत बदलापूरला गेल्या.

गेल्या पावसाळ्यात गाडी मांजर्लीला भावाच्या दारात उभी होती आणि उल्हास नदीचं पाणी आत शिरलं. इंजिन वाचलं, डिपर सडला. डिपर म्हणजे हेडलाइटचा झोत खाली-वर करणारं बटण. हल्लीच्या गाड्यांना ते हाताशी असतं, या म्हातारीला मात्र पायाशी, क्लचच्या डावीकडे. चवड्याने दाबलं की टक, झोत खाली. पुन्हा दाबलं की टक, झोत वर.

मेकॅनिकने डोकं चालवून डॅशबोर्डखाली घरातल्या दिव्याचं असतं तसलं बटण बसवून दिलं. त्याच संध्याकाळी समोरून टेम्पो आला. काकीचा उजवा हात स्टेअरिंगवर, डावा गियरच्या दांड्यावर, आणि पाय जुन्या सवयीने नुसता पत्रा बडवतोय! बटण चाचपायला हात सोडला आणि गाडी थेट नाल्याच्या काठावर जाऊन थांबली. काकीला खरचटलंही नाही, पण तिच्या मुलाला, प्रज्वलला, आयतं कोलीत मिळालं.

"आई, बस झालं आता. त्या रिसॉर्टवाल्याला मी हो बोललोय. रविवारी संध्याकाळी त्याची क्रेन येईल."

"काय करनार तो माज्या गाडीचं?"

प्रज्वल जरा चाचरला. "मधून कापणार. मागच्या भागाचा सोफा करतात, हॉटेलात ठेवायला."

काकीला रडू आलं नाही, संताप आला. तिच्या गाडीवर रेलून लोक तंदुरी खाणार आणि बोटं तिच्याच सीटला पुसणार! तिने भांडीकुंडी आपटून घर डोक्यावर घेतलं. शेवटी मुलगा म्हणाला, "बरं. रविवारपर्यंत पायाचा डिपर आणून बसव आणि अंधारात मला शेजारी बसवून गाडी चालवून दाखव. जमलं तर क्रेन परत पाठवतो. नाही जमलं तर किल्ली माझ्याकडे."

"चालंल," काकी म्हणाली. शब्द गेला खरा, पण डिपर कुठे होता?

उल्हासनगरच्या बाजारात मिळत नाही ती वस्तू जगात नाही, असं तिथले दुकानदार सांगतात, आणि बाकीचे लोक गालात हसतात. स्पेअरपार्टवाल्या सेठने डबी काउंटरवर आपटली. "ले जा काकी, सेम टू सेम! ओरिजिनल भी देखके शरमाएगा."

दिसायला तो तसाच होता. काकीने बसवून घेतला आणि अंधार पडताच प्रज्वलला घेऊन निघाली. वेस ओलांडेपर्यंत डिपर टकटक वाजला, मग करपल्याचा वास आला आणि दोन्ही दिवे गेले. प्रज्वल हसला असता तर बरं झालं असतं. तो उतरून मोबाइलच्या उजेडात रस्ता दाखवत पुढे चालत राहिला, ते काकीला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती सेठच्या दुकानात कडाडली. सेठने निमूटपणे दुसरा नग काढून दिला, पण खरंही बोलला. "इसके अंदर की पत्ती पतली है काकी. हेडलाइट का लोड नहीं लेगा. मोटी पत्तीवाला पुराना माल अब भंगार में भी नहीं मिलता."

मग हा घेऊन करू काय, असं म्हणत काकीने तो पिशवीत टाकला.

शनिवारी मांजर्लीला भाचीची, नेत्राची, हळद होती. मांडवात बेंजो पार्टी दणाणत होती, बाया घामाघूम होऊन नाचत होत्या आणि काकी खुर्चीत तोंड पाडून बसली होती. उद्या क्रेन! गाण्याचं कडवं संपलं की स्टेजवरचे पिवळे दिवे लाल व्हायचे, पुन्हा पिवळे. काकीची नजर सहज कीबोर्डवाल्याच्या पायाकडे गेली. डावी टाच जमिनीला टेकलेली, नुसता चवडा वर, मग खाली. दिवे लाल. चवडा वर, मग खाली. दिवे पिवळे.

'टाच उचलायची नाय, विठे,' हरिचंद्र तिला सांगायचा. 'नुसता चवडा.'

काकी उठली आणि नाचणाऱ्या बायांना कोपराने सारत निघाली. काकी रंगात आली म्हणून पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती सरळ स्टेजवर चढली आणि कीबोर्डखाली शिरली! वाजवणं बंद पडलं. फळीवर स्क्रूने घट्ट बसवलेली लोखंडी डबी होती, तिच्यावर झिजून चकाकणारी पितळी टोपी. काकीने अंगठ्याने दाबलं. टक.

"ॲम्बॅसिडरचा हाय ह्यो!" ती खालूनच ओरडली.

कीबोर्डवाला हिरामण गोंधळला. "बाबांच्या टॅक्सीचा आहे, काकी. अंबरनाथ स्टेशनला असायची. गाडी भंगारात गेली, मी एवढाच काढून ठेवला. तो मागू नका."

काकीने मागितलाच. क्रेन, सोफा, तंदुरी, सगळं एका दमात सांगितलं. मग पिशवीतला उल्हासनगरी नग काढून त्याच्या हातात ठेवला. "तुज्या चिमुकल्या दिव्यांना ह्यो आयुष्यभर पुरंल. माज्या हेडलाइटला तुजाच पायजे. तुज्या बापाचा डिपर फळीवर बरा, का गाडीत?"

हिरामणने पितळी टोपीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "देतो. पण एकदा मला शेजारी बसवा. लहानपणी मी शेजारच्या सीटवरून बाबांचा पायच बघत बसायचो."

रविवारी दुपारी अंबरनाथ पश्चिमेला हिरामणच्या दारात डिपर बसला, आणि त्याच्या फळीवर उल्हासनगरचा नग बिनबोभाट चालू झाला. दिवस मावळल्यावर काकीने गाडी काढली. शेजारी हिरामण, मागे हाताची घडी घालून प्रज्वल.

गावाच्या रस्त्याला लागल्यावर समोरून दोन प्रखर दिवे आले. काकीचे हात जिथल्या तिथे राहिले. टाच टेकलेली, चवडा खाली. टक. झोत अदबीने उतरला. समोरच्यानेही आपला झोत उतरवला आणि ती अवजड गाडी धडधडत शेजारून गेली. टक. रस्ता पुन्हा लांबवर उजळला. हिरामण वाकून काकीच्या पायाकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

पुढच्या वळणावर पुन्हा टक, त्यापुढे पुन्हा टक. करपल्याचा वास नाही की काही नाही. काकीला इतका आनंद झाला की समोर कुणी नसतानाही तिने दोनदा डिपर मारला.

गाव जवळ आलं तसा प्रज्वलचा फोन वाजला. पलीकडचा माणूस एवढा तापला होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "अहो, क्रेन घेऊन तुमच्या दारात येऊन परत निघालो! घराला कुलूप, गाडीचा पत्ता नाही. गाडी आहे कुठे?"

प्रज्वलने आरशात आईकडे पाहिलं. काकीने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मघाशी ज्या गाडीने तुम्हाला डिपर दिला ना," प्रज्वल म्हणाला, "तीच. आता ती विकायची नाही."