एक जण पाहत आहे

झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या, उरलेल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या मोठ्या पडद्याला चिकटले होते. पडद्यावर एका मेणबत्तीचा फोटो होता. त्याखाली हिरव्या अक्षरांत एक ओळ होती: ‘आत्ता २३ जण हे पाहत आहेत.’

बघता बघता तेवीसचे सव्वीस झाले. खोलीतून एक लांबलचक ‘आहाहा’ निघाला. जिची मेणबत्ती होती ती बाई रुमालानं डोळे टिपू लागली.

“सव्वीस जीव, माई,” पडद्याशेजारी उभे असलेले साइटबाबा म्हणाले. “सव्वीस जीव हातातली कामं टाकून तुमच्या ज्योतीपाशी आलेत. गिऱ्हाईक काय, येईल नंतर. आधी उपस्थिती.”

साइटबाबा हे नाव लोकांनी ठेवलेलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, लॅपटॉपखाली रेशमी रुमाल. घरबसल्या काही ना काही बनवणाऱ्या बायकांना ते इंटरनेटवर छोटी दुकानं थाटून देत. ते काम ते नीट करत, हे मी आधीच सांगून टाकते. फोटो स्वच्छ, किमती ठळक, सगळं जागच्या जागी. पण नुसती वेबसाइट करून देणाऱ्याच्या पाया कोण पडतो? म्हणून त्यांनी वेबसाइटमध्ये देव आणला होता.

“क्लाउड म्हणजे काय? आकाशतत्त्व,” ते सांगत. “आकाश सगळ्यांच्या डोक्यावर आहे, म्हणून क्लाउडला सगळ्यांच्या मनातलं कळतं.” मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. हे वाक्य ऐकून माझी कानशिलं तापली.

त्यांचा एक कडक नियम होता. दुकानाच्या आतल्या बाजूला ‘ऑर्डर’ नावाचं पान असतं, ते उघडायचं नाही. “ऑर्डर मोजायला लागलात की लोभ आला. लोभ आला की उपस्थिती गेली.” बायका मान डोलवत. या नियमामागचं इंगित मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. प्रत्येकीच्या दुकानात बघे डझनावारी होते आणि घेणारा एकही नसणार.

मी तिथे मजा बघायला गेले नव्हते. पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण बसली होती.

ताई लोकरीचं विणकाम करते. मेव्हणे गेल्यावर ती आणि तिचा मुलगा असे दोघंच उरले. दोन वर्षांपूर्वी एका भांडणात दोघंही एकमेकांना नको ते बोलून बसले आणि पोरगा घर सोडून गेला. फोन बंद, मित्रांना पत्ता नाही. ताईनं त्याच्या मापाचा निळा स्वेटर विणला आणि दुकान उघडलं तेव्हा लहान मुलांच्या टोप्यांशेजारी तोही ठेवला. विकायला नव्हे. कधीतरी त्याच्या नजरेस पडेल म्हणून.

आणि त्या स्वेटरखाली कायम एकच ओळ असे: ‘आत्ता १ जण हे पाहत आहे.’ बाकीच्या वस्तूंचे आकडे नाचत. हा एक मात्र हलत नसे. साइटबाबांनी डोळे मिटून निकाल दिला होता, “हे गिऱ्हाईक नाही, माई. हे रक्ताचं माणूस आहे. लांब आहे, पण नजर हटवत नाही. मात्र शोधायला जाऊ नका. शोधलंत की धागा तुटला.”

तेव्हापासून ताईनं शोध थांबवला. पोलिसांकडे चकरा मारणं बंद, त्याच्या मित्रांना फोन करणं बंद. दिवसभर लॅपटॉप उघडा ठेवून ती समोर विणत बसायची. ताटही तिथेच घ्यायची. एकदा मी दारातून ऐकलं, ती पडद्याला विचारत होती, “जेवलास का रे?” मी तशीच पायऱ्यांवर बसून राहिले. आत जायचा धीर होईना.

“ताई, चल, पुन्हा एकदा चौकीत विचारून येऊ,” मी म्हणायची.

“कशाला? तो आहे ना इथे.”

“इथे नुसता आकडा आहे गं.”

“तुला मूल नाही. तुला नाही कळायचं.”

हे तिनं मला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. मी विषय सोडला. पण पुढच्याच आठवड्यात तिच्याकडे इंटरनेट बंद पडलं आणि तरीही उघड्या पानावर टोप्यांचा आकडा खालीवर होताना मला दिसला. मग मात्र मला राहवेना.

म्हणून त्या दिवशी, मेणबत्तीवर सव्वीस जीव जमलेले असताना, मी उभी राहिले. “बाबा, एक शंका आहे,” असं म्हणून मी भिंतीजवळच्या इंटरनेटच्या डब्याची वायर उपटली.

पडद्याच्या कोपऱ्यात इंटरनेट नसल्याची खूण आली. आकडा सव्वीसचा एकोणीस झाला, मग एकतीस.

“बघा,” मी म्हणाले. “आपला बाहेरच्या जगाशी संबंध तुटलाय. मग हे एकतीस जण आले कुठून?”

साइटबाबा क्षणभरच गडबडले. मग गोड हसले. “मास्तरीणबाई, वायर माणसाला लागते. उपस्थितीला वायर लागत नाही.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. मी चमत्कार मोडायला गेले होते आणि तो दुप्पट करून बसले. ताई मागे वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माझी कीव होती.

मी वायर पुन्हा जोडली. “ताई, तुझ्या दुकानात मी एक वस्तू ठेवू का?”

“ठेव. म्हणजे एकदाची तुझी खात्री पटेल,” ती म्हणाली आणि तिनं स्वतः उठून लॅपटॉपवर पासवर्ड टाकला. बाबा “अहो, अहो” करत राहिले, पण भक्तच उठून आल्यावर अडवणार कसं?

मी पायातली चप्पल काढली, टेबलावर ठेवली, फोनवर फोटो काढला आणि दुकानात चढवला. शाळेच्या वाचनालयाची वेबसाइट मीच बघते, तेव्हा इतपत मला जमतं. ‘वापरलेली चप्पल, फक्त डावी.’ मग सगळ्यांना दाखवून त्या पानाला कुलूप घातलं. “आता हे पान या खोलीबाहेर जगात कोणालाही दिसू शकत नाही. कबूल?”

“कबूल,” दोघीतिघी म्हणाल्या.

मी पान पडद्यावर उघडलं. माझ्या डाव्या चपलेखाली हिरव्या अक्षरांत आलं: ‘आत्ता ३४ जण हे पाहत आहेत.’

“चौतीस?” साबण बनवणाऱ्या काकू कळवळून म्हणाल्या. “माझ्या साबणाला कधी वीसच्या वर कोणी आलं नाही.”

कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळी खोली हसत सुटली. त्या हसण्यातच मी त्या हिरव्या ओळीची सेटिंग उघडली. आत फक्त दोन चौकटी होत्या. ‘कमीत कमी’ आणि ‘जास्तीत जास्त’. पहिलीत पाच, दुसरीत चाळीस. दर काही सेकंदांनी कॉम्प्युटर या दोहोंमधला एखादा आकडा उचलतो, आपण डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसा. माणसं मोजणारं तिथे काहीच नव्हतं. मी दोन्ही चौकटींत एक लाख टाकले. लगेच माझ्या चपलेपुढे एक लाख लोक जमले.

“निळा स्वेटर उघड,” ताई म्हणाली.

हसणं थांबलं. मला ते नको होतं. निदान इथे, सगळ्यांसमोर नको होतं. “घरी बघू, ताई.”

“उघड म्हणते ना.”

मी उघडलं. स्वेटरसाठी वेगळी सेटिंग केलेली होती. कमीत कमी: एक. जास्तीत जास्त: एक.

ताई पडद्याजवळ गेली आणि बराच वेळ त्या दोन चौकटी वाचत राहिली. मग तिनं साइटबाबांना विचारलं, “हा एक तुम्ही टाइप केलात?”

त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या आवाजातला मध गेला होता. “तुम्ही फार रडत होतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी त्यांना झोप दिली, बाई. तुम्ही काय दिलंत?”

मी टेबलावरची चप्पल उचलून पायात घातली. मेणबत्तीवाली बाई पिशवी उचलून निघाली आणि तिच्या मागोमाग एकेक करून बाकीच्या.

घरी आल्यावर मी चहा टाकला. ताई तिच्या नेहमीच्या जागी बसली. तिला आता कसलाच नियम पाळायचा नव्हता, म्हणून तिनं ऑर्डरचं पान उघडलं. इतकंच. “इकडे ये,” तिची हाक आली आणि मी चहा तसाच टाकून धावले.

पानावर एक ऑर्डर होती. एकच. निळा स्वेटर. मागवणाऱ्याच्या जागी त्याचं नाव होतं, खाली पत्ता आणि फोन. विक्रेत्यासाठी निरोपाच्या चौकटीत त्यानं लिहिलं होतं: ‘आई, बाह्या नेहमीसारख्या आखूड नाहीत ना?’

तारीख गेल्या हिवाळ्यातली होती. ऑर्डरची सूचना ज्या ईमेलवर जायची तो बाबांनीच काढून दिला होता, आणि इतक्या दुकानांच्या गर्दीत त्यांनीही तो कधी उघडला नसावा. ठरलेल्या मुदतीत दुकानदारानं ऑर्डर स्वीकारली नाही की वेबसाइट आपली आपण ती नाकारते आणि गिऱ्हाईकाला तसं कळवते. कळवलेला मजकूरही तिथेच होता. दुकानाला ताईनं ‘आईच्या हातचं’ असं नाव दिलं होतं. मजकूर असा होता: ‘क्षमस्व. आईच्या हातचं यांनी आपली ऑर्डर नाकारली आहे.’

फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. आम्ही त्याच पावली पत्ता शोधत निघालो. अरुंद जिना, वर एक भाड्याची खोली, तिला कुलूप. खालच्या घरमालकीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं.

“गुणी होता हो पोरगा. हिवाळ्यात रोज विचारायचा, मावशी, माझं काही पार्सल आलंय का? मग एके दिवशी विचारायचं बंद केलं आणि खोली सोडून गेला. कुठे ते काही बोलला नाही.” मग त्यांनी ताईकडे नीट पाहिलं. “तुम्ही कोण त्याच्या?”

ताईनं पिशवीतून आणलेला स्वेटर मांडीवर घेतला होता. ती त्याची बाही खाली ओढत होती, लांब होते का ते बघत. “त्याला वाटलं असेल, मीच नको म्हटलं,” ती म्हणाली.

तिथून आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “हिवाळ्यात पत्ता हाती आला होता, मग इतके महिने काय करत होतात?” ताईनं माझ्याकडे पाहिलं. मुलगा अजून सापडलेला नाही. आम्ही शोधतो आहोत.

साइटबाबांनी दुसऱ्या गावात बस्तान बसवलंय असं ऐकते. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापुढे कोणी असा आकडा, असा दिवा, असा आवाज आणून ठेवला, तर पाया पडण्याआधी विचारा की हा येतो कुठून. वायर काढून बघा. चप्पल ठेवून बघा. जे पान उघडू नका म्हणतील, ते सगळ्यात आधी उघडा. आणि दुःखात असलेल्या माणसाला खोटा दिलासा मिळाला तर बिघडलं काय, असं मला पुन्हा कोणी विचारू नका. एक मुलगा रोज खाली उतरून आईचं पार्सल आलंय का विचारत होता, आणि त्या वेळी त्याची आई घरी बसून एका आकड्याला जेवलास का म्हणून विचारत होती.