डुकरापुढचे दोन ढीग

खुशबूचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून जंगलूचं घर. खुशबू त्याची नात. तिचा बाप ती लहान असतानाच गेला होता, म्हणून मांडवापासून देवापर्यंत सगळा भार म्हाताऱ्या जंगलूवर. आणि देवाला एक डुक्कर द्यायचं होतं.

झालं असं की आदल्या वर्षी खुशबूला मिरगीचे झटके येऊ लागले. जंगलूचा चुलतभाऊ केवलराम म्हणाला, वारं लागलं. जंगलूने नवस बोलून टाकला, पोरगी बरी होऊ दे, तिच्या लग्नात डुक्कर देईन. खुशबूची आई, म्हणजे जंगलूची सून फुलवंता, मात्र पोरीला घेऊन गोंदियाला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, मेंदूत किड्याची गाठ आहे, औषधाने बरी होईल. झटके थांबलेही. पण बाईंनी एक गोष्ट विचारली होती. घरात कोणाच्या पोटात फितीसारखा लांब किडा आहे का? त्याची अंडी शौचातून हाताला लागतात आणि हातावरून दुसऱ्याच्या जेवणात जातात.

हे ऐकताच जंगलूला आठवलं. परसाकडे बसल्यावर भोपळ्याच्या बियांसारखे पांढरे तुकडे पडलेले त्याने कितीदा पाहिले होते. आणि टमाट्याची चटणी तर रोज तोच वाटायचा. नातीला त्याच्याच हातची आवडायची.

"मामाजी, शौच तपासायची डबी घेऊन दवाखान्यात जा," फुलवंता म्हणाली.

"या वयात डबी घेऊन फिरू? लोक काय म्हनतील?"

"लोकाईले कायले दाखवता? झाकन आहे ना तिले."

गेला बिचारा. गोळी घेतली, किडा पडला. संडासात भरून ठेवलेलं सरपण फुलवंताने बाहेर काढलं, आणि म्हातारा कुरकुरत का होईना, तिथे जाऊ लागला. येताना साबणाने हात धुवायचा आणि चटणी वाटण्याआधी पुन्हा धुवायचा.

पण किडा आला कुठून, हेही बाईंनी सांगितलं होतं. मोकाट डुक्कर माणसाची घाण खातं, मग त्याच्या मांसात साबुदाण्यासारखे दाणे धरतात. ते मांस अर्धकच्चं खाल्लं की किडा माणसाच्या पोटात. आणि जंगलूच्या घरची रीत अशी, की देवाच्या डुकराचा पहिला तुकडा घरातल्या वडीलधाऱ्याने निखाऱ्यावर नुसता शेकून चाखायचा. आतून लालच पाहिजे. मगच पंगत बसायची.

खुशबूने ठणकावून सांगितलं, "आजा, तू कच्चं चाखलंस तर मी मांडवात बसत नाई."

आणि केवलराम म्हणे, "कच्चं चाखल्याबिगर देव घेत नाई. तू नाई चाखलं तर आमी भाऊबंद उठून जातो. जाऊ दे पोरीले नवस डोक्यावर घेऊन सासरी."

जंगलूला दोघंही हवे होते. पोर मांडवात आणि भाऊबंद पंगतीत.

नवसाचं डुक्कर खुशबूने पिल्लू असल्यापासून बांबूच्या कुडात कोंडून, कोंडा आणि पेज घालून वाढवलं होतं. केवलराम येता-जाता टोमणा मारायचा, "जावयासारखं पोसून राहिली डुकराले!"

"जावयाले तरी मोकळं सोडतो, केवल आजा. याले नाई सोडत."

लग्नाच्या आदल्या दिवशी देव मांडला. डुकरापुढे तांदूळ ठेवायचे आणि ते त्याने खाल्ले तरच देवाने मानलं, हीही जुनी रीत. जंगलूने पळसाच्या दोन पानांवर तांदळाचे दोन ढीग मांडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "देवा, या अंगाचं खाल्लं तर जुन्यासारखं कच्चं चाखतो. त्या अंगाचं खाल्लं तर पुरतं शिजवून चाखतो. तूच सांग."

"असं तर कधी आयकलं नाई गा," केवलराम म्हणाला.

"म्हनूनच त्याले इचारून राहिलो. आपन कोन ठरवनारे?"

डुकराने नाक वर केलं, पहिल्या ढिगाकडे ढुंकूनही न पाहता दुसऱ्यात तोंड खुपसलं. तांदूळ तर संपवलेच, खालचं पानही चावून गिळलं. केवलरामने हात जोडले.

मग बारीक तुकडे करून मटण चुलीवर चढलं. सूर्य कवेलूंच्या छपरापलीकडे उतरला तरी रटरटतच होतं. भाऊबंदांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी अंगावरच्या हळदीसकट खुशबूच आली, त्यातल्या त्यात मोठा तुकडा फोडून उजेडात धरला. आत कुठेही लाली नव्हती. जंगलूने तो चाखला आणि म्हणाला, "बसा."

केवलरामने तीनदा वाढून घेतलं. "नरम झालं गा. मले दात नाईत, हे काऊन पह्यलेच नाई केलं?"

पंगत उठल्यावर खुशबू आजाजवळ येऊन बसली. "आजा, डुकराच्या नाकाले मोहाचं फूल चिकटलं होतं."

"चूप."

"त्या ढिगाखाली मोह ठेवला होतास ना? देवाले फसवलंस."

"देवाले कोन फसवते? डुकराले फसवलं. देव तर हासून राहिला होता."

दुसऱ्या दिवशी खुशबू मांडवात बसली. केवलराम सगळ्यांच्या पुढे नाचला.

जंगलू दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात, धान मळून झाल्यावर, अंगणातल्या उन्हात बसल्या बसल्या वारला.