कोल्ह्याच्या शेवया

मी जपानी शिकते म्हणून माझे धाकटे दीर, जयंतभाऊजी, दोन वर्षं मला छळत होते. "वहिनी, हातात फोन असताना क्लास कशाला?"

परवा मँचेस्टरच्या एका जपानी रेस्टॉरंटमध्ये भिंतीवरचा मेन्यू फक्त जपानीत निघाला. भाऊजींनी भाषांतरासाठी ऐटीत फोन त्याच्यासमोर धरला आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. "आई, 'आई-मूल भात'! किती गोड! तू हाच घे. आणि हे काय, कोल्ह्याच्या शेवया? शी!"

माझ्या सासूबाईंनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "यातली आई म्हणजे कोंबडी आणि मूल म्हणजे अंडं."

भाऊजींचा चेहरा पडला. "मग कोल्हा?"

"तो त्यात नसतोच. कोल्ह्याला तळलेलं टोफू आवडतं असं जपानी लोक मानतात. म्हणून टोफू घातलेल्या शेवयांना त्याचं नाव."

मग सासूबाईंसाठी याच शेवया मागवून वेटरला मी खणखणीत जपानीत सांगितलं, की रस्सा माशाचा नको, मशरूमचा हवा. तो हसून "हाय!", म्हणजे जपानीत "हो!", म्हणाला आणि आत पळाला.

सासूबाईंनी वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला. मग लेकाकडे न बघता त्यांनी वेटरला हाक मारली.

"वन मोर फॉक्स, प्लीज!"