तीन दिवसांची खटखटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खटखटी आहे. एक सागवानी फळी आणि तिच्यावर आपटणारी मोगरी, एवढाच माझा पसारा. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या वामनराव सुतारांनी मला दाराच्या उरलेल्या लाकडातून घडवलं. "तुमच्या देवाले घंटा नाई का?" त्यांनी फादरांना विचारलं होतं.

आहे की. पण प्रभू येशूच्या मरणाच्या दुःखात, पवित्र गुरुवारपासून ईस्टरपर्यंत, आमच्या चर्चची घंटा मुकी राहते आणि तिच्या जागी मी वाजते. वर्षातले ते तीन दिवस माझे, बाकीचे सगळे तिचे. लग्नात ती, नाताळात ती, कौतुकही तिचंच. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जन्मभर जळत आले.

चर्चमध्ये नेमाने येणाऱ्या आशाबाई मला वाजवायच्या. वाजवून झालं की पदराने पुसायच्या. त्या पुसण्यावर मी वर्ष काढायचे.

दोन वर्षांपूर्वी विजेची घंटा आली, दर अर्ध्या तासाला आपोआप वाजणारी. उद्घाटनाला खुद्द बिशप आले. त्याच दिवशी आशाबाईंचे यजमान मनोज शेवटच्या घटका मोजत होते. मरणाआधी आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायला या म्हणून बाईंनी फादरांना तीनदा फोन केला. "पाहुणे गेले की येतो," फादर म्हणाले. ते पोचले तेव्हा मनोज गेले होते. आशाबाईंनी चर्चमध्ये येणं सोडलं. घरी जपमाळ मात्र चुकली नाही म्हणे. मी कपाटात पडले ती पडलेच.

यंदा गुड फ्रायडेला त्या आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. येशूने प्राण सोडला हे वाचून झालं, सगळे गुडघ्यांवर आले, आणि नेमके साडेतीन वाजले. विजेची घंटा सुरात गाऊ लागली. ती बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी फजिती झाली सटवीची.

आशाबाई उठून तरातरा माझ्या कपाटापाशी आल्या. त्यांनी घंटेचं बटण बंद केलं, मला कपाटातून काढलं आणि क्रूस वेदीकडे नेताना पूर्वीसारखं वाजवलं.

प्रार्थना संपल्यावर फादर म्हणाले, "आशाबाई, बरं झालं आलात. माझी चूक झाली होती."

"राग गेला नाई, फादर. आमच्या घरच्याले तेल लावाले तुमी आले नाई, ते मी विसरणार नाई."

"मग आज कशा आलात?"

"देव माहा हाय. तुमच्या चुकीपायी त्याले कावून सोडू?"

 बाईंनी क्रुसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घेतलं आणि कितीतरी वेळ तिथेच डोकं टेकून राहिल्या. मी बाकावर वाट पाहत होते. मला पुसायचं त्या विसरूनच गेल्या. घंटेचा हेवा तिथेच सुटला. आता मला त्या क्रुसाचा वाटतो.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपलंत, वर्षातून एकदा तेल लावलंत, तर मी अजून पन्नास वर्षं वाजेन. पण कुणाच्या घरी आजारी माणूस तुमची वाट पाहत असेल, तर आधी तिकडे जा. मी लाकूड आहे, मला थांबता येतं.