पळीचा आवाज

"आधी कापूर विझवा, मग पोर मांडीवर," शण्मुगवेल म्हणाला आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला.

सुडलैमुत्तूच्या हातात आहेराचं ताट तसंच होतं. नारळ, केळ्यांची फणी, भाचीसाठी रेशमी परकर आणि वर लाल कागदात गुंडाळलेल्या इवल्याशा सोन्याच्या कुड्या. मामाकडून यायला हवं ते सगळं आलं होतं, फक्त मामाला बसायला जागा नव्हती. देवळासमोरच्या कडुलिंबाखाली सोनार सुई घेऊन ताटकळत होता. त्याच्यापुढे पाट मांडलेला होता. तुळतुळीत डोक्याला चंदन फासलेली शेंबा आईच्या कडेवरून मामाकडे झेपावत होती आणि पेच्ची तिला मागे ओढत होती.

कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसतं. हयात असलेल्या, दारात आलेल्या मामाला डावलून दुसऱ्या कुणाच्या मांडीवर ते उरकलं, तर सुनेचं माहेर तुटलं असं भावकी धरून चालते. कुलदेवतेसमोर तुटलेलं पुन्हा जोडायला कुणी पुढे येत नाही. पेच्चीला हे माहीत होतं, म्हणून ती भावाकडे बघत नव्हती.

"जळता कापूर तळव्याने विझवून शपथ? ती कशासाठी, दाजी?" मुत्तूने विचारलं.

"ते तुम्हाला ठाऊक. लेखक तुम्ही."

जेवताना दाताखाली खडा यावा तसा त्याने तो शब्द बाहेर टाकला.

मुत्तू सूतगिरणीत कारकून होता आणि पहाटे उठून कथा लिहायचा. गेली वीसेक वर्षं त्याचं हेच चाललं होतं. त्याच्या कथा ज्या मासिकांत यायच्या त्यांचे वाचक म्हणजे त्यांत लिहिणारेच. मुली सांगून यायच्या, मुलीचा बाप विचारायचा, "नोकरी सोडून आणखी काय करता?" हा खरं उत्तर द्यायचा आणि बोलणी तिथेच फिसकटायची. आपलं कुणी वाचत नाही याचा त्याला राग यायचा, आणि आपण तरीही लिहितो याचा त्याहून जास्त. मग गेल्या महिन्यात एका खपाच्या साप्ताहिकाने त्याची कथा घेतली. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, जिथे तिथे पडलेलं असतं ते साप्ताहिक. त्यांनी फोटो मागवला. मुत्तू हरखला, नवा शर्ट घालून फोटो काढून आला. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. शंकरनकोविलच्या बाजारात शण्मुगवेलचं पंपांचं दुकान. समोरच्या न्हाव्याने फोटो ओळखला आणि कथा मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवसापासून बाजारात शण्मुगवेलला तोंड वर करून चालता येईना.

"तुम्ही वाचलीत का ती?" मुत्तूने विचारलं. "इथल्या एकाने तरी वाचली?"

"वाचायची काय गरज? फोटो आहे ना तुमचा," शण्मुगवेल म्हणाला. "आणि तुमची बहीण कुठल्या घरात दिलीय, ते अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे."

शण्मुगवेलचे थोरले काका घराण्यात वडीलधारे. ते खांबाला टेकून बसले होते. "अरे, पण आहे काय त्या गोष्टीत? मला कुणी नीट सांगेल का?"

"मी सांगते." शण्मुगवेलची आई वडिवू पुढे झाली. पदर खोचलेला, आवाज देवळाच्या कळसापर्यंत जाईल असा. "एक बाई असते. सगळ्यांना वाढते, स्वतः मागाहून जेवते. का, तर भांड्यात काही उरतच नाही. मग नवरा बाहेरच्या खोलीतून विचारतो, जेवलीस का गं? तर ही रिकाम्या भांड्यात पळी खरवडते. खडखड, खडखड. बाहेरच्यांना वाटावं, वाढून घेतेय. आणि वर पेजेचं पाणी पिऊन झोपते. ही गोष्ट. आता मला बाजारात बायका विचारतात, वडिवू, तुझी सून भात खाते की आवाज खाते? माझ्या घरात पोत्यांनी तांदूळ आहे, भाऊजी. मी काय सुनेला उपाशी मारते?"

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. बाई खोटं रडत नव्हती. मुत्तूला तिची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची कथा तोंडपाठ सांगितली होती, एकही दुवा न गाळता. पळीची खडखडसुद्धा जागच्या जागी होती. आणि ते सगळं त्याच्यावर आळ घालायला.

त्याने मान वळवून बघितलं. अम्मा, त्याची आई उलगम्मा, देवळाच्या पायरीवर बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. मुलगा काहीतरी लिहितो एवढंच तिला माहीत होतं. काय लिहितो हे तिने कधी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आज तिने पहिल्यांदा ऐकलं. तिचा हात मांडीवर होता तसाच राहिला होता.

"मुत्तू," काका म्हणाले, "देवीसमोर सांग. हे आमच्या घरचं आहे?"

"नाही."

"कापूर विझवून सांगशील?"

"सांगेन. तुमच्या घरचं नाही."

"मग कुणाच्या घरचं?"

कल्पना आहे, सगळं मनाचं आहे, असं सांगून सुटता आलं असतं. पण पुजाऱ्याने विड्याच्या पानावर कापूर ठेवून पेटवला होता आणि त्या ज्योतीवर हात ठेवून खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. खरं सांगावं, तर चार माणसांत आईची अब्रू काढायची. जे नाव कथेत घातलं नाही, ते आता तोंडाने उच्चारायचं.

"बघा, बोलत नाही," शण्मुगवेल म्हणाला. "काका, पोर माझ्या मावसभावाच्या मांडीवर बसवा. मुहूर्त टळतोय."

"थांबा हो जावईबापू," पायरीवरून आवाज आला.

उलगम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली. ज्योतीपाशी आली. मुलाकडे न बघता वडिवूला म्हणाली, "ती पळी माझी आहे, विहीणबाई. तुमच्या घरची नाही. याच्या वडिलांना गिरणीतून कमी केलं तेव्हाची. ही पेच्ची पाळण्यात होती."

सोनारसुद्धा सुई खाली ठेवून ऐकत होता.

"मला वाटायचं, पोरांना कळत नाही," ती म्हणाली. मग मुत्तूकडे वळली. "तुला कळत होतं, तर तेव्हाच का नाही बोललास रे?"

तेव्हा त्याला कळत नव्हतं. पळीचा आवाज ऐकून तो निश्चिंत झोपायचा. कळलं ते फार नंतर, जेवताना घास हातात असताना, आणि मग त्याची कथा केली. हे इथे कसं सांगणार?

काकांनी घसा साफ केला. "संपलं की मग. आमच्या घरचं नाही. पण पुढचंही आताच बोलून टाक पोरा. आमच्या घरातलं बरंवाईट, कधी काही लिहिणार नाहीस."

"लिहिलंच नाही, काका. मग पुढचं कशाला?"

"मग म्हणायला काय जातं तुझं?"

काय जातं हे यांना सांगून कळणार नाही, आणि कळलं तरी यांना ते नको आहे, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. त्याने पेच्चीकडे बघितलं. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे मान वर करून बघितलं होतं, काहीतरी सांगायचं असल्यासारखं. मांडीवर बसवून घे, एवढंच तिला म्हणायचं असेल असं त्याने धरलं.

"नाही लिहिणार," तो म्हणाला आणि ज्योतीवर तळवा दाबला. कापूर विझला. तळव्यावर काळा डाग उमटला.

मग सगळं भराभर झालं. शेंबा मांडीवर आली, त्याचं बोट घट्ट धरून बसली. सुई टोचली तशी तिने किंकाळी फोडली आणि सगळे हसले. बायकांनी जिभा फिरवून कुलवैचा मंगल गजर केला. शण्मुगवेलने मेहुण्याच्या खांद्यावर मानाचा टॉवेल घातला, त्याला मिठी मारली, "गैरसमज झाला हो मच्चान," म्हणाला. मनाने वाईट नव्हता तो.

देवळामागे ताडपत्री बांधून बायकांनी जेवण केलं होतं. पहिली पंगत पुरुषांची बसली. गावातून जादा एक टेम्पो भरून माणसं आली होती, ती सगळी जेवली. मुत्तू त्या पंगतीला बसला नाही, अम्माबरोबर जेवतो म्हणाला. दुसऱ्या पंगतीला वडिवूने विहिणीचा हात धरला. "आज तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मागून जेवायचं नाही." तिने स्वतःच्या हाताने केळीचं पान मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं. भात, सांबार, दोन भाज्या, वर तूप. लग्नानंतर चार माणसांत पंगतीला बसून उलगम्मा बहुधा पहिल्यांदाच जेवत होती. शेजारी मुत्तू, त्याच्या मांडीवर हुंदके देऊन दमलेली शेंबा.

"पेच्ची," वडिवूने बसल्या बसल्या हाक मारली, खरोखरच्या मायेने. "तूही घे गं दोन घास. पहाटेपासून उभी आहेस."

"घेतेय, आत्याबाई," ताडपत्रीमागून उत्तर आलं.

आणि पाठोपाठ पळीचा आवाज. भरल्या भांड्यात पळी अशी वाजत नाही. खडखड, खडखड. थोडं थांबून पुन्हा.

"घेतेय हो ती," वडिवू समाधानाने म्हणाली आणि भात कालवू लागली.

मुत्तूचा हात पानावर थांबला. पेच्ची मघाशी काय सांगू बघत होती, ते त्याला आता कळलं. एका टेम्पोच्या माणसांमुळे आज भात संपला, असं म्हणायला जागा होती. पण पळी अशी वाजवायला एका दिवसात येत नाही. पोत्यांनी तांदूळ असलेल्या घरात ती हे कधी शिकली, कुणाला कळू नये म्हणून की कुणी विचारत नाही म्हणून? विचारायला तोंड उरलं नव्हतं. लिहायचं तर नाहीच. त्याने तळवा शेंबाच्या परकराआड झाकला. डाग जात नव्हता.

उलगम्माने अजून घास घेतला नव्हता. ती कुणाकडे न बघता उठली. पान दोन्ही हातांनी खालून उचललं, भात सांडू नये म्हणून किंचित वाकली.

"कुठे निघालात, विहीणबाई?" वडिवूने विचारलं.

"आलेच," ती म्हणाली आणि पान सांभाळत, हळूहळू ताडपत्रीमागे गेली.

आतला आवाज थांबला.