कोरा कठडा

मंदाच्या सासूने, द्रौपदाबाईंनी, पाळण्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि पदराला पुसलं.

"भाऊ, हाऊ पाळना कोराच लई उनात?"

"जवसनं तेल शे, विहीणबाई. तीन हात मारेल शेतस," अभिमन म्हणाला.

लेक मंदा आणि चार महिन्यांचा नातू यांना सासरी पोचवायला तो मेहरूणहून शिंदखेड्याला आला होता. पाळणा असाच कोरा एसटीच्या टपावर बांधून आणला होता. तीस वर्षं त्याने पाळणे केले, सगळे लालभडक. बिनरंगी हा पहिलाच.

"कोरं लाकूड तिरडीले लागस. सकायले बाया देखाले येतीन, काय म्हनतीन?"

"रंगमा शिसं ऱ्हास. पोऱ्या चावस."

"आमना बठ्ठा पोरे रंगना पाळनामाच वाढनात. कोनले काय झायं?"

अभिमनला उत्तर ठाऊक होतं. ते घरी ओट्यावर बसलेलं होतं. थोरला मुलगा छगन चोवीस वर्षांचा झाला, तरी त्याला वीसपर्यंत मोजता येत नव्हतं. गेल्या साली जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, रंगातल्या शिशाने डोकं मंद होतं, हा लहानपणी रंगबिंग चघळायचा का? अभिमनने सरळ 'नाही' असं सांगितलं. घरी येऊन त्याने माळ्यावरचा जुना पाळणा उतरवला. कठड्यावर इवल्या दातांच्या खुणा होत्या आणि तेवढ्या जागी लाल रंग उडालेला होता. तो रंग त्यानेच दिलेला. बायकोलासुद्धा त्याने हे सांगितलं नाही.

तापात पोराचं डोकं गेलं, असंच सगळे समजत होते. मंदाच्या लग्नातही तेच सांगितलं होतं. आता खरं बोलावं तर 'आम्हाला फसवलं' म्हणून मंदाला उठता-बसता टोमणे. न बोलावं तर नातवाच्या तोंडात रंग. इकडे आड, तिकडे विहीर.

दारात मंदा बाळाला घेऊन उभी होती. तिच्या पदराचा काठ तोंडात कोंबून बाळ हिरड्यांनी चावत होतं.

द्रौपदाबाईंनी लाल ऑइलपेंटचा डबा आणून ठेवला.

"तुमीच सुतार. मारा दोन हात."

विहिणीच्या दारात मुलीच्या बापाची मान आधीच खाली. त्याने ब्रश घेतला. पाय रंगवले, बाहेरच्या बाजू रंगवल्या. कठड्याशी येऊन हात थांबला.

"कठडा ऱ्हायना," द्रौपदाबाई म्हणाल्या.

"कठडाले आन आतला अंगले रंग लावतस नही. दुधना दात पडतस तोवर कोरं ठेवनं पडस. मनी माय सांगे. रीत शे."

खोटं बोलताना त्याचे कान तापले. पण शिशाला न जुमानणारी बाई रीतीपुढे चटकन नमली. शेजारच्या पुष्पाबाई डोकावल्या, तेव्हा तर द्रौपदाबाईंनीच ठणकावून सांगितलं, "कठडा कोराच ठेवतस. आमनामा बी रीत शे!"

त्या दोघी आत गेल्यावर मंदा जवळ आली. कडेवरच्या बाळाने वाकून कोरा कठडा तोंडात धरला. तिने त्याला धरू दिला.

"आबा, आपलाकडे हाई रीत कव्हय व्हती?" तिने हळूच विचारलं. "आपला घरना पाळना तं लालच व्हता."

अभिमन ब्रश घासलेटात बुडवून पुसत होता. स्वच्छ झाला तरी पुसत राहिला.

"छगनना टाइमले मी इसरी गवू," तो म्हणाला.