उलटं रोम

कंपनीच्या बदलीवर जपानमध्ये, फुनाबोरीला आल्यापासून चारुदत्तला कलेतलं कळायला लागलं होतं. त्याआधी मुलुंडच्या घरात भिंतीवर बँकेचं कॅलेंडर असायचं. आता, भाड्याच्या घरात खिळा ठोकायची मनाई असल्यामुळे, कपाटाला टेकून सोळाव्या शतकातलं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, विराजमान होतं: पडकं कलोसियम, कमानींतून उगवलेली झुडपं आणि खाली चरणाऱ्या दोन शेळ्या. सरिताला शेळ्या आवडायच्या. बाकीच्याबद्दल तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी त्सुकुबाहून नीलकंठ आणि विभा जेवायला आले. नीलकंठ दगडांवर संशोधन करायचे. एका परिषदेसाठी चार दिवस रोमला राहून आल्यापासून त्या शहराची सगळी जबाबदारी त्यांच्यावरच होती. चारुदत्तचं "ओरिजिनल आहे" तिसऱ्यांदा म्हणून होईतो त्यांनी फोनमधला फोटो शोधून काढला.

"ही उंच भिंत माझ्या फोटोत डावीकडे आहे. तुझ्यात उजवीकडे. फसवलं रे तुला."

चारुदत्तचा चेहरा पडला. विक्रेता, त्याचं खानदान, आणि कारण नसताना सगळी इटली, यांचा उद्धार करत तो चित्र खोक्यात घालू लागला.

"अरे चारू, थांब जरा," सरिता म्हणाली. "पत्र्यावर सुलट कोरलं की कागदावर उलटंच उमटतं."

तिने ड्रॉवरमधून आपला हान्को, सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का, काढला, त्यावरची उलटी अक्षरं दाखवली आणि पेपर नॅपकिनवर ठसा उमटवला. नाव सुलट आलं.

"म्हणजे त्याने आधीच उलटं कोरायला हवं होतं," साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाची चूक काढत नीलकंठ म्हणाले.

"काही जण कोरायचे तसं. हा बसला असेल उन्हात, समोर दिसेल ते कोरत."

"तुला गं कसं माहीत?" विभाने विचारलं.

"बाबांचं डोंबिवलीत रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. लग्नापर्यंत अक्षरं मीच कोरायचे."

"मग आधी का नाही बोललीस?" चारुदत्त म्हणाला.

"तू श्वास घ्यायला थांबायची वाट बघत होते. वर्ष झालं."

विभा इतकी हसली की तिला ठसका लागला. चित्र मुकाट्याने पुन्हा कपाटाला टेकलं.

पुढच्या महिन्यात सरिताने वॉर्डातल्या छपाईच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या शनिवारी ती काळ्या बोटांनी, खुशीत घरी आली. चारुदत्तने जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

"मीही तेच विचारणार होते," ती म्हणाली आणि शाई धुवायला गेली.